तात्पुरतीची मोठी किल्ली

आमच्या ऑपरेटिंग सिस्टिमचं नाव 'तात्पुरती' आहे. खरं नाव ठरेपर्यंत काहीतरी म्हणायला हवं म्हणून ते ठेवलं होतं, आणि खऱ्या नावावरची चर्चा अजून चालू आहे. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे कॉम्प्युटर सुरू झाला की सगळ्यांच्या आधी उठून बाकीच्यांना कामाला लावणारी. घरातली थोरली जाऊ समजा. मोठ्या कंपन्यांच्या विकत मिळतात. आमची कोणीही न्यावी, उघडून बघावी, हवी तशी बदलावी. न्यायलाही फुकट आणि बनवणारेही फुकट. यातलं पहिलं माझ्या आईला पटतं, दुसरं पटत नाही.

"फुकटच राबायचंय तर घरात राब ना," ती म्हणते. "पंखे पुसायचे पडलेत."

तात्पुरती आम्ही तिघांनी सुरू केली तेव्हा आम्ही कॉलेजात होतो आणि एका लाँड्रीच्या वरच्या खोलीत बसायचो. लाँड्रीवाल्या मावशींनी खोली दिली, कारण त्यांचा हिशेबाचा जुना कॉम्प्युटर दुसऱ्या कुठल्याच सिस्टिमवर चालायला तयार नव्हता. आमच्यावर चालला. मावशींना वाटलं आम्ही हुशार आहोत. आम्हालाही तसंच वाटलं, त्यामुळे वाद झाला नाही.

खोलीची जमीन कायम गरम असायची, कारण खाली इस्त्रीची टेबलं. हवेत साबणाचा आणि ओल्या लोकरीचा वास. कोपऱ्यात आमचा सर्व्हर, आणि त्याच्या बरोब्बर खाली कपडे पिळायचं यंत्र. ते फिरायला लागलं की सर्व्हरची डिस्क हुडहुडी भरल्यासारखी थरथरायची आणि केलेलं काम बिघडायचं. म्हणून नवी आवृत्ती आम्ही फक्त लाँड्रीच्या सुट्टीच्या दिवशी तयार करायचो. जगभरातली माणसं विचारायची, तुमची आवृत्ती मंगळवारीच का येते? यामागे काही तत्त्व आहे का? छापखाना त्यांना गंभीरपणे कळवायचा, आहे.

छापखाना हा आमच्यातला एक. तात्पुरतीला प्रिंटर ओळखायला त्यानं शिकवलं. प्रिंटर ही जात मुळात माणूसघाणी असते, पण तो भंगारातून मेलेले प्रिंटर उचलून आणायचा आणि ते कागद ओकेपर्यंत त्यांच्याशी लाडीगोडीनं बोलायचा. दुसरी सासूबाई. वय एकोणीस, दोन वेण्या, पण दुसऱ्याच्या कामातली खोट काढायची नजर अशी की बाकी कुठलं नाव शोभलंच नसतं. पुढे तिचं लग्न झालं आणि तिला खरीखुरी सासू मिळाली. ती बाई अतिशय प्रेमळ निघाली. आम्हाला आमचा अपमान झाल्यासारखं वाटलं.

तिसरा मी. आवृत्तीची तारीख जाहीर करणं माझ्याकडे आणि ती पुढे ढकलणंही माझ्याकडे. मला मुदतवाढ म्हणतात.

फुकट काम करणाऱ्यांची एक अडचण असते. त्यांना कामावरून काढता येत नाही, कारण कामावर ठेवलेलंच नसतं. काम सांगताही येत नाही. फक्त विनवणी करता येते, किंवा ते काम मुद्दाम चुकीचं करून समोर ठेवता येतं, मग सासूबाई "अरे हे काय केलंयस!" असं किंचाळून स्वतः नीट करून द्यायची. तात्पुरतीचा निम्मा भाग अशा रीतीनं तयार झालेला आहे.

मोठी किल्ली बनवली तो दिवस मला नीट आठवतो. झालं होतं असं, की लोक आमची सिस्टिम खरंच वापरायला लागले. एक पशुवैद्य, एका बंदरावरचा वजनकाटा, दोन-तीन शाळा. आम्ही पाठवलेलं अपडेट आमचंच आहे, मध्येच कोणी भामट्यानं घुसवलेलं नाही, हे त्यांच्या कॉम्प्युटरला कळायला हवं. त्यासाठी प्रत्येक अपडेटवर एक सही लागते. रोजची सही छोट्या किल्लीनं होते, आणि ती छोटी किल्ली आमचीच, अशी हमी मोठी किल्ली देते. किल्ली म्हणजे खरं तर कॉम्प्युटरमधली एक फाइल, आणि ती उघडायला परवलीचा मजकूर.

"हा मजकूर एकाच माणसाला माहीत असणं धोक्याचं," छापखाना म्हणाला. "उद्या त्याला कोणी पळवून नेलं तर?"

"तुला कोण पळवणार?" सासूबाई म्हणाली. "नेलं तरी प्रिंटरच्या गप्पा ऐकून संध्याकाळपर्यंत आणून सोडतील."

पण तिलाही कल्पना आवडली होती. ठरलं असं, की मजकुराचे तीन तुकडे करायचे. प्रत्येकानं आपला तुकडा मनात ठरवायचा, आपणच टाइप करायचा आणि मरेपर्यंत कोणाला सांगायचा नाही. एक जण टाइप करत असताना बाकीच्या दोघांनी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. तसे आम्ही पाळीपाळीनं उभे राहिलो. खालून मावशी कसलीशी पावती विचारायला वर आल्या, आम्हाला शिक्षा झालेली बघून तशाच परत गेल्या. मग मोठी किल्ली एका पेनड्राइव्हवर घालून ती माझ्या आईच्या शिवणाच्या डब्यात बटणांमध्ये ठेवली. पुढे कित्येक वर्षं तिची गरजच पडली नाही. आम्हाला पळवून न्यायचाही कोणी प्रयत्न केला नाही. छापखान्याला हे थोडं लागलं असावं.

मग झाकणाचं प्रकरण झालं.

पडद्यावर कचऱ्याच्या डब्याचं चित्र असतं. आमच्या डब्याला झाकण होतं. एका अपडेटमध्ये सासूबाईनं ते काढलं, आत कचरा आहे की नाही ते दिसावं म्हणून. छापखाना म्हणाला, उघडा डबा घरात कोण ठेवतं? एवढंच. पण हे मेलवर झालं, आणि मेल सगळ्यांना जायची. जन्मात तोंड न उघडलेली माणसं बोलायला लागली. झाकणवाले आणि बिनझाकणवाले असे दोन तट पडले. पशुवैद्यानं तीन पानं लिहून कळवलं की त्याच्या अनुभवात झाकण असलेलं बरं, कारण कुत्री. कोणीतरी समेट म्हणून अर्धं झाकण काढून पाठवलं, त्यावर दोन्ही बाजू एकदम चिडल्या. सासूबाई काहीतरी टोचून बोलली, छापखाना त्याहून टोचून बोलला, आणि एके दिवशी त्यानं "माझे प्रिंटर सांभाळा" एवढं लिहून काढता पाय घेतला. त्यानंतर ती दोघं एकमेकांशी बोललेली नाहीत.

हळूहळू बाकीचेही पांगले. त्यात नाट्य काही नव्हतं. कोणाला नोकरी लागली, कोणाला मूल झालं, कोणी नुसताच उत्तर द्यायचा थांबला. सासूबाई तंत्रनिकेतनात शिकवायला लागली, अधूनमधून एखादी खोट काढून पाठवायची. सर्व्हर माझ्या घरी आला. संध्याकाळी ऑफिसातून आलो की मी पशुवैद्याच्या शंकांना उत्तरं द्यायचो. एकट्यानं घर राखल्यासारखं होतं ते. मंडळी बाहेर गेलीत, येतील, तोवर दिवा लावून ठेवायचा, असं.

आणि मग या वर्षी एके दिवशी पडद्यावर सूचना आली. मोठ्या किल्लीनं दिलेली हमी महिन्याच्या अखेरीस संपते आहे. संपली की तात्पुरती वापरणारा प्रत्येक कॉम्प्युटर आमचं अपडेट दारातूनच परत पाठवणार. नवी किल्ली करावी म्हटलं, तर ती खरी हे सांगायलाही जुनीच लागते. म्हणजे तीन तुकडे, तीन माणसं. नाहीतर दिवा विझला.

सासूबाई फोनवर म्हणाली, "मी येईन. पण त्याला मी विचारणार नाही."

"मी विचारतो."

"माझा निरोप आहे असं सांगू नकोस."

"तुझा निरोप काय आहे?"

"काही नाही. म्हणून तर सांगू नकोस."

छापखाना आता गाद्यांच्या दुकानात बसतो. दुकान त्याच्या सासऱ्यांचं, पण ते थकले तेव्हापासून तोच बघतो. मी गेलो तेव्हा तो एका बाईंना कापूस आणि फोम यांतला फरक समजावत होता, त्याच लाडीगोडीच्या आवाजात. तो आवाज मी गादीसाठी वापरलेला ऐकला आणि मला कसंसंच झालं. बाई गेल्यावर त्यानं माझ्याकडे बघितलं.

"गिऱ्हाईक आहेस का?"

"नाही."

"मग इथे उभं राहता येत नाही. सासऱ्यांचा नियम. आत आलेल्या माणसानं आडवं व्हायचं."

मी आडवा झालो. तोही शेजारच्या गादीवर आडवा झाला. आम्ही दोघं छताकडे बघत पडून राहिलो. पंखा फार हळू फिरत होता.

"किल्लीची मुदत संपतेय," मी म्हणालो.

"माहीत आहे. मी अजून तात्पुरतीच वापरतो." त्यानं गल्ल्यावरच्या कॉम्प्युटरकडे बोट केलं. "मलाही सूचना आली."

"मग काही बोलला का नाहीस?"

"तू येतोस का बघत होतो."

तेवढ्यात एक नवरा-बायको आत आले. बायकोनं आम्हाला बघून विचारलं, "या गाद्या घेतल्या का यांनी?"

"नाही ताई, अजून बघताहेत," छापखाना न उठता म्हणाला. "तुम्ही पलीकडच्या बघा." मग माझ्याकडे मान न वळवता बोलत राहिला. "झाकणासाठी कोण जातं रे सोडून? एवढा मूर्ख वाटलो तुम्हाला?"

"आम्हाला तेच वाटलं."

"कॉलेजभर प्रिंटर चालवले. एक माणूस कधी लिहून बोलला नाही, की बाबा, छापलं गेलं. बिघडला की शिव्या, चालला की शांतता. मी म्हटलं ठीक आहे, लोक मितभाषी असतील. आणि मग डब्याचं झाकण निघालं! दुनिया बोलायला लागली. इतकी माणसं होती आपल्याकडे, मला माहीतच नव्हतं." त्यानं उशी डोक्याखाली ओढली. "तुम्ही दोघंपण. तुम्ही दोघंपण झाकणावरच बोलत होतात."

गादी खरोखरच चांगली होती, ते मी सांगितलं.

"येईन," तो शेवटी म्हणाला. "वरच्या खोलीतच येईन. तिच्या घरी नाही, तुझ्या घरी नाही."

लाँड्रीला सुट्टी होती त्या दिवशी आम्ही जमलो. मावशींच्या केसांना आता मेंदी, पण आवाज तोच. "वर आता न नेलेले कपडे ठेवलेत," त्या म्हणाल्या. "हलवायचे असतील तर घड्या मोडू नका. माणसं येतात कधीतरी." वरची खोली म्हणजे कोटांचं जंगल झालं होतं. दांड्यांवर लग्नातले सूट, शाळेचे गणवेश, कोणाचे तरी निळे पडदे. प्रत्येकाला फिकट पडलेली चिठ्ठी टाचलेली. इस्त्री बंद होती, तरी जमीन कोमट वाटली. आमचं टेबल खिडकीपाशी होतं तिथेच होतं. मावशींनी ते फेकलं कसं नाही, असं सासूबाईनं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "तुम्ही कुठे सांगितलंत की काम संपलं म्हणून?"

सासूबाई आधी आली होती. छापखाना आला, त्यानं बूट काढले, आणि दोघांनी एकमेकांऐवजी माझ्याशी बोलायला सुरुवात केली.

"त्याला सांग, खुर्ची पुसलीय."

"तिला सांग, दिसतंय."

आईच्या बटणांमधली पेनड्राइव्ह मी माझ्या लॅपटॉपला लावली. आधी सासूबाई बसली, टाइप करून उठली. मग मी. मग छापखाना बसला. आम्ही दोघं निळ्या पडद्याकडे तोंड करून उभे राहिलो. पाठीमागे टकटक झाली, थांबली, आणि एंटरचा मोठा आवाज आला.

मजकूर चुकीचा होता.

आम्ही पुन्हा केलं. पुन्हा चुकीचा. तिसऱ्यांदा मी माझा तुकडा एकेक अक्षर मोजून टाइप केला. तरी तेच.

"विसरला असणार," सासूबाई मला म्हणाली. "इतकी वर्षं हात नाही लावला, विसरणारच."

"मी?" छापखाना उठला. आता तो सरळ तिच्याशी बोलत होता. "दुकानात गिऱ्हाईक नसताना मी ते मनात म्हणत बसतो. तुला माहीत आहे का? माणसं देवाचं नाव घेतात, मी ते घेतो. मुलीचा वाढदिवस चुकेन, हे नाही चुकणार. तू कधी कोणावर विश्वास ठेवलायस का गं? एकदा तरी?"

"मी फक्त म्हटलं—"

"तू नेहमीच फक्त म्हणतेस."

तो बूट घालायला बसला. त्याच्या बुटांना लांबलचक नाड्या होत्या आणि तो त्या दोन-दोन गाठी मारून बांधतो. त्या गाठींकडे बघताना मला एवढंच कळत होतं, की हा जिना उतरला की तात्पुरती संपली. पशुवैद्याला कसं कळवायचं याचं पहिलं वाक्यही मी मनात जुळवायला लागलो. सवयीनं त्यात मुदतवाढ मागितली गेली.

सासूबाई टेबलापाशी तशीच उभी होती. ती की-बोर्डकडे बघत होती. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "तुझ्यात सात आहे का?"

"काय?"

"सातचा आकडा. तुझ्या तुकड्यात आहे का?"

"ते गुप्त आहे," छापखाना नाडी ओढत म्हणाला.

"असेल तर तो न दाबता टाइप कर."

छापखान्यानं मान वर केली. सासूबाईचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. परीक्षेत नक्कल करताना पकडलेल्या, आणि तेही स्वतःच पकडलेल्या माणसाचा चेहरा.

"त्या दिवशी सकाळी माझ्या हातून चहा सांडला होता," ती म्हणाली. "की-बोर्डवर. तुम्ही यायच्या आधी. मी पुसला. सातचं बटण चिकट झालं होतं, पण मला वाटलं चालतंय. दुसऱ्या दिवशी बघितलं तर ते मेलेलं होतं. दाबलं तरी काही उमटत नव्हतं."

परवलीचा मजकूर टाइप करताना पडद्यावर काही दिसत नाही. छापखान्यानं सात दाबला, सात गेलाच नाही, आणि त्या दिवशी खातरजमेसाठी पुन्हा टाइप केला तेव्हाही गेला नाही. दोन्ही वेळा चूक सारखीच, म्हणून कॉम्प्युटरनं मान डोलावली. इतकी वर्षं तो बिचारा मनात जे म्हणत होता, त्यात एक अक्षर जास्तीचं होतं.

"तो की-बोर्ड वाफेनं गेला असं ठरलं होतं," छापखाना सावकाश म्हणाला. "मी मावशींशी भांडलो होतो वाफेवरून. जिन्यात उभं राहून. वाफ शिस्तीत सोडा म्हणालो होतो."

"मला माहीत आहे."

"आणि टेबलाजवळ चहा आणायचा नाही हा नियम—"

"मीच केला होता. त्याच आठवड्यात." ती आता हसायच्या आणि रडायच्या मधोमध कुठेतरी होती. "तुमच्या दोघांच्या सगळ्या चुका मी काढल्या होत्या रे. मग माझी कशी सांगणार?"

छापखाना एका पायात बूट, एक पाय मोकळा, असा परत टेबलाशी आला. सासूबाईनं तिचा तुकडा टाइप केला, मी माझा. या वेळी छापखाना टाइप करायला बसला तेव्हा आम्ही निळ्या पडद्याकडे तोंड करायचं विसरलो, आणि त्यानंही आठवण करून दिली नाही. मध्ये एकदा त्याचं बोट सवयीनं वर गेलं, हवेत थांबलं, आणि पुढच्या अक्षरावर उतरलं.

किल्ली उघडली.

आवाज वगैरे काही होत नाही. एक ओळ जाते, दुसरी येते. तरी माझा जीव असा भांड्यात पडला की मी कोणाच्यातरी लग्नाच्या कोटाला धरून उभा राहिलो.

"नव्या हमीची मुदत?" असं पडद्यावर विचारलेलं होतं. पुढे रिकामी जागा. किती वर्षं, तो आकडा भरायचा.

"मागच्या वेळी किती टाकली होती?" सासूबाईनं विचारलं.

"दहा," मी म्हणालो. "याचं म्हणणं होतं, तोपर्यंत आपण म्हातारे होऊ."

"झालोच," छापखाना म्हणाला. "मी रोज दुपारी झोपतो."

मी आकड्यांकडे बोट नेलं. दहा बरी. दहा टाकली की निवांत. सासूबाईनं माझं मनगट धरलं.

"एक टाक."

"एक? म्हणजे पुढच्या वर्षी हे सगळं परत? तुला रजा, याला दुकान बंद, मावशींची खोली..."

"हो."

"अगं, तीन वेळा चुकतं, माणसं बूट घालतात..."

"हो, कळलं मला. एक टाक."

मी छापखान्याकडे बघितलं. तो निळ्या पडद्याची चिठ्ठी वाचत होता. चिठ्ठीवर वाचण्यासारखं काही उरलेलं नव्हतं.

"त्याचं दुकान असतं," मी त्याच्या वतीनं म्हणालो.

"दुकानाला सुट्टी असते," तो म्हणाला.

मी एक टाकला. नक्की का, असं कॉम्प्युटरनं विचारलं. हा प्रश्न त्यात मीच घातलेला आहे आणि तो कोणालाच आवडत नाही. छापखान्यानं मागून हात लांबवून एंटर दाबलं. नवी हमी निघाली. पशुवैद्य, वजनकाटा, शाळा, सगळ्यांची रोजची कामं कोणालाही काहीही न कळता चालू राहिली.

मग छापखान्याचा फोन वाजला. वहिनींचा होता, त्यांचा आवाज मलाही ऐकू येत होता. झालं का काम, कधी निघताय, बाबा जेवायला थांबलेत.

"नाही गं, कुठलं व्हायला," छापखाना म्हणाला. त्यानं आधी माझ्याकडे आणि मग सासूबाईकडे बघितलं, आणि दुसऱ्या पायातला बूटही काढून ठेवला. "अजून सुरुवातच आहे. वेळ लागेल. तुम्ही जेवून घ्या."